त्या घराला बेलच नव्हती

दीड मिनिटाच्या शांततेनं माझी नोकरी खाल्ली, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

दुबईत एका डबिंगच्या ऑफिसात मी नऊ वर्षं कामाला होते. राहायला शारजात, अल मजाजला. काम काय, तर जपानी ॲनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टून सिनेमा-मालिकांचं, इंग्रजी करायचं. जपानी मला ओ की ठो येत नाही. ऑफिसात एक जपानी बाई होत्या, त्या शब्दाला शब्द ठेवून साधं इंग्रजी करून द्यायच्या. मग मी ते असं फिरवायचे, की अमेरिकेतल्या माणसाच्या तोंडी शोभेल आणि पडद्यावर हलणाऱ्या ओठांतही बसेल. नाशिकला एम.ए. इंग्रजी करताना आपण पुढे जपानी चित्रांच्या तोंडात अमेरिकन वाक्यं कोंबणार आहोत, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

घरी आम्ही तिघं. नवरा रास अल खैमाला एका टाइल्सच्या फॅक्टरीत होता, आठवडाभर तिकडे, सुट्टीला इकडे. गेल्या एप्रिलमध्ये त्याचं डिपार्टमेंटच बंद झालं. तेव्हापासून तो घरी, गॅलरीतल्या खुर्चीत. त्याचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या नावावर आला. मुलगी बारावीत, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. बारावीत शाळा बदलता येत नाही, फॉर्म जिथून भरला तिथूनच बसायचं. म्हणजे माझी नोकरी गेली की तिघांचा व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की पोरीचं वर्ष गेलं. इतकं सरळ होतं ते. रोज सकाळी शारजा-दुबई ट्रॅफिकमध्ये अडकले की मी हेच मनात घोकायचे. फेब्रुवारी, फक्त फेब्रुवारी.

आता मुलीचं. ती दहा वर्षांची असल्यापासून ॲनिमे बघते. बघते म्हणजे काय, जगते! पण इंग्रजी डबिंगचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं तोंड करायची. जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, बाकी सगळं पाप. इंटरनेटवर तिचा एक कंपू होता. अमेरिकेतली, कॅनडातली, जर्मनीतली पोरं. त्यांच्यासाठी ती व्हिडिओ करायची, दृश्यं उलगडून दाखवायची. माझ्याशी बोलताना शारजाचं इंग्रजी, आणि व्हिडिओत अस्सल अमेरिकन. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. इकडच्या घराघरात हेच चालतं, त्यात नवल नाही.

आणि तिला माझं काम माहीत नव्हतं! खोटं वाटेल, पण नव्हतं. ऑफिसनं सही घेतली होती, की कुठल्या मालिकेवर काम चाललंय ते घरीसुद्धा बोलायचं नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी हिंदी मालिकांचे सबटायटल करायचे, तेच तिच्या डोक्यात बसलेलं. मीही ते तसंच राहू दिलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळलं असतं. शिवाय, ज्या गोष्टीला पोर पाप म्हणते, ती आपली आई पोटासाठी करते हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

नऊ वर्षांत मी एक बघितलं. पाश्चात्त्य प्रेक्षक जपानी माल कसा घेतो, ते. मी ॲनिमेवर लागले तेव्हा क्लायंटकडून, म्हणजे वर्गणी घेऊन घरोघरी हे दाखवणाऱ्या अमेरिकन कंपनीकडून, सूचना यायच्या, की मुलगी हातात भाताचा गोळा घेऊन बसलीय, आमच्या मुलांना ते कळणार नाही, सँडविच म्हणा. अहो, पडद्यावर धडधडीत पांढरा भात दिसतोय! तरी सँडविच. एका म्हातारीनं मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे वाटी ठेवली, तर सूचना आली, ही बाई फोटोला जेवायला का घालतेय? आमच्याकडे सासूबाईंच्या तिथीला त्यांच्या फोटोपुढे पान वाढल्याशिवाय कुणी घास घेत नाही. मी ऑफिसात कपाळावर हात मारून घेतला होता. मग हळूहळू वारं फिरलं. तिकडची पोरं मोठी झाली, जपानी शिकली, जपानला जाऊन आली. आता त्यांना भात भातच हवा, त्या भाताला जपानीत काय म्हणतात तेही हवं, आणि कुणी एक शब्द बदलला तर रक्त हवं. पूर्वी त्यांना जपानी काहीच चालत नव्हतं, आता जपान्यांपेक्षा जास्त जपानी लागतं. आणि हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच वेळी तिथे राहतात, एकाच सोफ्यावर बसत असतील. आम्ही दोघांच्या मधे.

गेल्या उन्हाळ्यात एक सिनेमा आला. समुद्राकाठचं खेडं. एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी. बाई पलीकडच्या किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला जायला निघते. दाराशी पायरीवर बसते, आपल्याकडे पाठ करून, आणि बूट घालते. मुलगी मागे उभी. कुणी काही बोलत नाही. बाहेर किडे ओरडताहेत, छपरावरून पाणी गळतंय. दीड मिनिट. मग बाई उठते आणि जाते. ती परत येत नाही, हे आपल्याला पुढे कळतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि हेडफोन काढून बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी नोकरी नवी होती तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात आम्हाला इंडियाला जाता आलं नाही. शाळेला सुट्टी, नवरा रास अल खैमाला, आणि मी तिला दिवसभर घरी एकटी ठेवून कामावर जायचे. बरोबर की चूक ते मला विचारू नका, मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. टेबलावर डबा ठेवायचे, दाराशी बसून बूट घालायचे. ती मागे उभी असायची. मी वळून बघत नसे. बघितलं असतं तर पाय निघाला नसता. लेस बांधता बांधता जमिनीकडे बघूनच म्हणायचे, "आतून लाव. कुणी आलं तरी उघडू नकोस. मी तीनदा बेल वाजवीन, मग समज आई आली."

सिनेमा तयार झाला. तिकडे नेहमीप्रमाणे थोड्या प्रेक्षकांना बसवून दाखवला. त्यांच्या हातात बटण असतं. कंटाळा आला की दाबायचं. रिपोर्ट आला, त्यात एक रेघ असते, रस वाढला की वर, कमी झाला की खाली. त्या दीड मिनिटात रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आवाज बंद पडलाय का?

आमचा बॉस लेबनॉनचा, स्वभावानं वाईट नाही. त्यानं मला आत बोलावलं. क्लायंटचा मेल दाखवला. त्या जागी संवाद भरा, नाहीतर पुढचे सिनेमे दुसरीकडे जातील.

मी म्हटलं, "तिथे बोलणं नाहीये, म्हणून तर ते आहे."

"हबीबती," तो लाडानं म्हणाला, "तुला कळतं. मला कळतं. त्यांना कळत नाही. पुढचं काम गेलं तर ही सगळी टीम खलास." त्यानं काचेबाहेर बोट दाखवलं. बाहेर बाकीचे दहा जण काम करत होते. "पाठ आहे ना तिची? यल्ला, चल, गुरुवारपर्यंत."

पाठ आहे, हा आमच्या धंद्यातला मोठा आधार. पाठ दिसत असली की ओठ जुळवायचे नसतात, तोंडात काहीही घालता येतं. मी फेब्रुवारी मोजला आणि बसले लिहायला. चार वेळा खोडलं. काय बोलेल ती बाई? मला जपानी बाई काय बोलते ते माहीत नव्हतं. आई काय बोलते तेवढं माहीत होतं. शेवटी मी माझंच लिहिलं. इंग्रजीत. आतून लाव, कुणी आलं तरी उघडू नकोस, मी तीनदा बेल वाजवीन, मग समज मी आले.

ते वाक्य बॉसनं वाचलं, क्लायंटनं पास केलं. स्टुडिओत एका अमेरिकन बाईनं ते इतकं सुंदर म्हटलं की साउंडवाल्यानं डोळे पुसले. जपानी बाई त्या आठवड्यात सुट्टीवर. पुन्हा प्रेक्षक बसवले, आणि रेघ जी चढली म्हणता! कुणीतरी लिहिलं, मला माझी आई आठवली. खरं सांगते, तो कागद मी पर्समध्ये ठेवला. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाकवली, एक स्वतःचं लिहिलं, आणि सातासमुद्रापलीकडे कुणाला तरी आई आठवली. मला वाटलं, जिंकले मी.

सिनेमा ऑक्टोबरमध्ये लागला. तिसऱ्या दिवशी बोंबाबोंब.

कारण त्या घराला बेल नव्हती.

सरकतं लाकडी दार. कागद लावलेलं. बेल नाही, कडी नाही, कुलूप नाही. खेड्यातलं घर, तिथे कोण कशाला दार लावतंय? मी ते दृश्य चाळीस वेळा तरी पाहिलं असेल. मला दार दिसलंच नाही. मला फक्त त्या बाईची पाठ दिसत होती. बॉस बैरुतच्या बिल्डिंगमध्ये वाढलेला, साउंडवाला मुंबईचा. ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, त्या सगळ्यांच्या घराला बेल होती, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अशी घोडचूक आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांनीच करावी.

आणि तिकडचे ते जाणकार! ते तुटून पडले. आधी शांतता मारली म्हणून, मग बेलसाठी. चित्रावर तीन बेलचे आवाज चिकटवून लोक फिरवायला लागले. टिंग, टिंग, टिंग. अमेरिकेत पोरं ते ऐकून हसत होती. ज्यानं हे लिहिलं त्यानं आयुष्यात जपान नकाशातसुद्धा पाहिला नसेल, असं एकानं लिहिलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण चुकलं होतं, त्याला काय करणार?

हे सगळं मला ऑफिसात कळलं नाही. जेवणाच्या टेबलावर कळलं.

"आई, यू हॅव टू सी धिस," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन वरणाच्या भांड्याला टेकवून उभा केला. तिचाच व्हिडिओ. डावीकडे मूळ दृश्य, उजवीकडे आमचं. डावीकडे पाऊस आणि किडे. उजवीकडे माझं वाक्य. मग तिचा आवाज, शांत, एकही शब्द वाया न घालवणारा. ही आई गप्प आहे कारण बोलली तर तिला जाता येणार नाही, असं ती सांगत होती. हे ज्याला दिसत नाही, त्यानं कधी कुणाला सोडून जाताना पाहिलं नसणार. आणि मग शेवटी, दाराला बेल कुठे आहे ते तुम्हीच शोधा.

नवऱ्याला माहीत होतं मी काय काम करते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढत होते, ती ताटाबाहेर गेली.

काय सांगू, व्हिडिओ उत्तम होता. तिनं त्या दृश्याबद्दल जे सांगितलं ते मी बॉसला सांगायला हवं होतं, तेच मला नीट सांगता आलं नव्हतं. मला अभिमान वाटला. आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

आणि मी वाट बघत होते, की ती आता ओळखेल. रोज सकाळी, तो अख्खा उन्हाळा, हेच वाक्य ऐकलंय तिनं. पाठ होतं तिला. शेवटी शेवटी मी म्हणायच्या आधी ती माझ्यामागे उभी राहून पुटपुटायची. पण ते मराठीत होतं, माझ्या आवाजात. अमेरिकन बाईच्या आवाजात, इंग्रजीत गेल्यावर माझ्याच पोरीला माझं बोलणं ओळखू आलं नाही.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

चार दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. तिकडच्या मोठमोठ्या लोकांनी तो पुढे पाठवला. शाळेत ती हिरो. गुरुवारी बॉसनं मला बोलावलं. या वेळी हबीबती म्हणाला नाही. क्लायंट चिडलाय, लोक त्यांची वर्गणी बंद करताहेत, त्यांना कोणीतरी हवंय. सोमवारपर्यंत हा गदारोळ खाली बसला तर मी तुला वाचवीन, इन्शाल्ला. नाही बसला तर माझे हात बांधलेत.

मी म्हटलं, "मेल तुमच्याकडेच आहे. त्यांनीच भरायला सांगितलं."

"त्यांनी संवाद भर म्हटलं. बेल घाल म्हटलं नाही."

मी उठून बाहेर आले.

शुक्रवार, शनिवार मी फोन घेऊन बसले. गदारोळ खाली बसत नव्हता, आणि सगळ्यांच्या वर तिचाच व्हिडिओ. नवरा म्हणाला, "सांग तिला. काढून टाकेल ती. तिची आई आहेस तू, शेजारीण नाही."

"आणि सांगू काय? तुझ्या व्हिडिओनं तुझं वर्ष चाललंय म्हणून?"

"मग मी सांगतो." इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा असा ताडकन खुर्चीतून उठला. मी त्याला हात धरून बसवला. त्याचा दंड केवढा बारीक झालाय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रविवारी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. टेबलावर फिजिक्सचं पुस्तक उघडं, बाजूला लॅपटॉप. मी पलंगावर बसले. म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाकशील?"

तिनं कानातला हेडफोन काढला. "व्हॉट? व्हाय?"

"अगं, ज्या माणसानं ते लिहिलं, त्याचीही नोकरी असेल. घरी पोरं असतील. किती हसताहेत लोक. जाईल बिचाऱ्याची नोकरी."

तिनं खरंच विचार केला. ती दुष्ट नाही हो. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, मग समजूत घातल्यासारखं बोलली. आई, मी त्या माणसाला काही म्हटलेलं नाही, कामाला म्हटलंय. कुणीतरी किती वर्षं मेहनत करून ती शांतता बनवली, आणि याला दीड मिनिट गप्प राहवलं नाही. असं काम करणाऱ्यानं दुसरं काम शोधावं. मग म्हणाली, "इट्स नॉट पर्सनल, आई."

माझ्या ओठांवर आलं होतं. दोनच शब्द होते. मीच ती. तिनं तिथल्या तिथे व्हिडिओ पुसला असता, वर आपल्या कंपूला हातापाया पडून गप्प केलं असतं, मला खात्री आहे. कदाचित सोमवार टळला असता. कदाचित फेब्रुवारी आला असता.

मी बोलले नाही.

नंतर मी नवऱ्याला सांगितलं, बहिणीला फोनवर सांगितलं, की परीक्षेच्या तोंडावर तिच्या डोक्याला ताप नको म्हणून मी गप्प बसले. सगळ्यांनी मान डोलावली, आईचं काळीज वगैरे. पण खरं सांगू? मला लाज वाटली. तिच्या डोळ्यांत मी दुबईला ऑफिसात जाणारी, काहीतरी फुटकळ सबटायटल करणारी आई होते, ते चाललं असतं. पण जिच्यावर अख्खी अमेरिका हसतेय ती बाई मला तिच्यासमोर व्हायचं नव्हतं. एवढ्या क्षुद्र गोष्टीसाठी मी तिची बारावी पणाला लावली. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

"बरं," म्हटलं, आणि तिच्या टेबलावरचा रिकामा कप उचलून बाहेर आले.

सोमवारी अकराला पत्र मिळालं. संध्याकाळी मी घरी आले तर मुलगी दारातच, गाल लाल, फोन नाचवत. "आई! वी वन!" कंपनीनं माफी मागितली होती. मूळ शांतता जशीच्या तशी परत ठेवणार. आणि चूक करणाऱ्या व्यक्तीला कामावरून काढलं आहे. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज जरासा बसला. "मला वाईट वाटतंय थोडं," ती इंग्रजीतच म्हणाली. "पण बरोबरच झालं ना?"

माझ्या पर्समध्ये पत्र होतं. मी बूट काढत होते, खाली वाकून. म्हटलं, "बरोबर झालं."

पुढचं फार भराभर झालं. दोन आठवडे मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला. दुबईच्या देरा भागातल्या ट्रेडिंगवाल्यांपासून अबू धाबीच्या शाळांपर्यंत. जिला काढलं ती हीच, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक झालेलं, आणि धंद्याबाहेर चव्वेचाळीस वर्षांच्या एम.ए. इंग्रजीचं कुणाला काय करायचंय? नवऱ्यानं रास अल खैमाच्या जुन्या साहेबांना गाठलं. गोडाऊनवर तरी घ्या, व्हिसा तेवढा द्या. त्यांनी चहा पाजला. शाळेत प्रिन्सिपल बाईंपुढे मी रडले, शोभा होईल इतकी रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि तेच सांगितलं जे मला माहीत होतं. इथे राहायला व्हिसा नसेल तर शाळेचा इलाज नाही, आणि आता दुसऱ्या शाळेतून बसताही येत नाही. पुढच्या वर्षी इंडियात पुन्हा बारावी करू दे, हुशार आहे ती.

व्हिसा रद्द करायचे फॉर्म जिथे भरून देतात, त्या टायपिंग सेंटरमध्ये आधी मुलीचा कागद, मग नवऱ्याचा, मग माझा. तिथल्या पोरीनं मुलीच्या फोटोकडे बघून विचारलं, शिकायला बाहेर चाललीय का? मी हो म्हटलं.

मुलीला आम्ही सांगितलं, ऑफिसात कपात झाली. ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला खाली तलावाकाठी फिरायला नेलं, संध्याकाळी, पोराबाळांची गर्दी असते तेव्हा. मला वाटलं चिडेल, ओरडेल. त्याची मी तयारी करून गेले होते. तिनं माझा दंड धरला.

"यू डिडन्ट डू एनिथिंग राँग, आई," म्हणाली. मग एकदम थांबली, कठड्याला टेकली, आणि तिच्या डोळ्यांत ते व्हिडिओतलं तेज आलं. त्या ऑफिसचं नाव सांग मला. नऊ वर्षं काम करवून असं कसं काढू शकतात? मी त्यांच्यावर व्हिडिओ करते. आता लोक माझं ऐकतात, तू बघितलंस ना, एका माणसाला काढायला लावलं की नाही आम्ही?

"नको," मी म्हटलं. "काही नको करूस. चल, गार व्हायला लागलं."

डिसेंबरमध्ये आम्ही नाशिकला आलो. ती इथे एका कॉलेजात पुन्हा बारावीला बसलीय, तिच्याहून लहान मुलींच्या वर्गात. फार बोलत नाही. व्हिडिओ बंद केलेत.

आयुष्यभर मी पोटासाठी इंग्रजी लिहीत आले. हे मराठीत लिहिलंय, कारण तिला मराठी वाचता येत नाही. शाळेत फ्रेंच घेतलं होतं तिनं. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल, तर एवढं करा, हे तिला वाचून दाखवू नका.